ऐरणीवरचा चुरा

१

पारख्याचं डोकं ज्या हातोडीने फोडलं, त्याच हातोडीने मारेकऱ्याने नंतर हिराही फोडला होता.

दागिन्यांच्या दुकानामागे कारागिरांची खोली. दोन टेबलं, एक खिडकी, भिंतीला टांगलेले चिमटे आणि कानशी, आणि मधोमध लाकडी ओंडक्यावर बसवलेली वीतभर ऐरण. म्हातारा त्या ओंडक्याला टेकून बसावा तसा पडला होता. डाव्या कानावरची कवटी आत गेली होती. तीन घाव असतील किंवा चार, मोजायला जागा उरली नव्हती. चष्मा मात्र नाकावर होता आणि उजव्या मुठीत भिंग आवळलेलं होतं. ऐरणीवर रक्त सुकून काळं पडलं होतं आणि त्या रक्ताच्या वर जाड्या साखरेसारखा पांढरा चुरा पसरला होता.

"हा हिरा होता, साहेब," दुकानाचे मालक म्हणाले. "दीड कॅरेटचा. कंत्राटदारसाहेबांच्या अंगठीत बसवायचा होता."

मालक गुळगुळीत बोलणारा माणूस. उजव्या डोळ्याखाली पट्टी चिकटवलेली, आणि बोलताना सारखा तो डोळा चोळायचा. शटर ओढताना लागलं म्हणाले. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, मी घरी जेवायला गेलो होतो, हेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मी फौजदार. माझा हात लवकर उठतो, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं.

"मागच्या दाराच्या किल्ल्या दोनच," मालक म्हणाले. "एक माझ्याकडे, एक कारागिराकडे. म्हणजे यांच्या जावयाकडे. हातोडी त्याचीच. आणि सकाळी सासऱ्या-जावयाचं कडाक्याचं भांडण झालं. अख्ख्या दुकानाने ऐकलं. 'मला चोर म्हणता? डोकं फोडून टाकीन!' असं ओरडला तो."

साडेतीनला प्रेत पहिल्यांदा पाहिलं तेही जावयानेच. त्याचे हात, शर्ट, गुडघे रक्ताने भरले होते. सासऱ्यांना उचलायला गेलो म्हणाला. मी म्हटलं, चल.

संध्याकाळी सहापर्यंत त्याने गुन्हा कबूल केला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ठाण्यात आली. माझी सख्खी मावशी. हिऱ्यांची प्रत ठरवणाऱ्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली. त्यातली वीस वर्षं मेलेला पारखी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. घरात आम्ही तिला घाबरतो, कारण ती कुठल्याही गोष्टीकडे भिंगातून पाहिल्यासारखी पाहते आणि मग डाग सांगते.

"कबुलीजबाब दाखव," ती म्हणाली.

मी दाखवला. तिने चष्मा वर केला.

"यावर अंगठा आहे. तो शिकलेला पोरगा आहे. सही का नाही केली?"

ती सरळ कोठडीकडे गेली. कारागीर कोपऱ्यात बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोटं वांग्यासारखी जांभळी आणि फुगलेली. मी रूळ वापरला होता. बोटं दारात चेमटली असं म्हणता येतं, म्हणून बोटांवर.

मावशी त्या हातासमोर वाकली.

"हा माणूस तांदळाएवढा दगड धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नख्या बसवतो," ती म्हणाली. "त्याच हातावर मारलंस?"

"खुनी आहे तो."

"असला तर कोर्ट फाशी देईल. नसला तर तू काय देणार आहेस?"

बाहेर बाकावर पारख्याची मुलगी बसली होती, कालपासून. बाप शवागारात, नवरा कोठडीत. तिने काही खाल्लं नव्हतं आणि ती रडतही नव्हती. मावशी तिच्या डोक्यावरून हात फिरवून परत आली.

"कोर्टात कधी उभा करतोयस?"

"उद्या अकराला. अटक आजची दाखवतोय. कबुली जोडून."

"म्हणजे माझ्याकडे एक दिवस आहे."

मला हसू आलं. "मावशी, प्रकरण सरळ आहे. जावई खोटे दगड खपवत होता. म्हाताऱ्याने पकडलं, भांडण झालं, खून झाला. दगड खोटाच होता, कारण हातोडीने फुटला. खरा हिरा घणाखाली फुटत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"शेंबड्या पोरालाच माहीत असतं," ती म्हणाली. "कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. हिऱ्यावर ओरखडा पडत नाही, पण मार बसला की तो फुटतो. तो चुरा खऱ्या हिऱ्याचाच असणार. आता मला सांग, खरा हिरा हातात आल्यावर तो खिशात घालायचा सोडून कुठला खुनी कुटत बसतो?"

उत्तर नसलं की मला राग येतो, आणि तो आला.

३

कंत्राटदार आम्हाला त्याच्या अर्धवट इमारतीच्या खाली भेटला. धिप्पाड, टक्कल पडलेला, आवाज दगडफोडीच्या यंत्रासारखा. आम्ही हिऱ्याचं नाव काढताच त्याने समोरची खुर्ची लाथेने उडवली.

"माझ्या दगडाची पूड केली! बायकोला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काय देऊ, पूड? कोण तो जावई, दाखवा मला एकदा. त्याच्या बरगड्या मोडतो."

"ते काम आमच्या फौजदाराने केलंय," मावशी म्हणाली. "काल दुपारी तुम्ही कुठे होता?"

"इथे. स्लॅब पडत होता. चाळीस माणसं साक्षीला आहेत."

"दगड निवडला कसा, ते सांगा."

तो जरा निवळला. निवडण्यात त्याने डोकं घातलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. तीन आठवड्यांपूर्वी पारख्याने त्याला शिकवलं होतं. वजन, पैलू, शुद्धता आणि रंग, असं चार अंगांनी पाहायचं. रंगाची पायरी डीपासून सुरू होते. डी म्हणजे पाण्यासारखा स्वच्छ, आणि खाली उतरावं तसा पिवळटपणा वाढतो. याने चौथ्या पायरीचा, 'जी' रंगाचा घेतला. डोळ्याला पांढराच दिसतो आणि खिसाही फाटत नाही.

"म्हातारा खरं बोलायचा," कंत्राटदार म्हणाला. "डागाबद्दलही म्हणाला, भिंगाशिवाय दिसत नाही त्या डागासाठी पैसे कशाला घालवता. असा दुकानदार पाहिलाय कुठे?"

"अंगठी कसली बनवायची ठरली होती?"

"मला प्लॅटिनमची हवी होती, पांढरी. बायकोला पिवळं आवडत नाही. पण मागच्या आठवड्यात मालकांनी फोन केला. पिवळ्या सोन्यात दगड जास्त खुलेल म्हणाले. हट्टच धरला. वर सोनं माझ्याकडून, म्हणाले."

मावशी गाडीकडे वळत होती, ती थांबली.

"वर सोनं माझ्याकडून?" तिने पुन्हा विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. चांगला माणूस दिसतो," मावशी म्हणाली. पण परत येताना गाडीत ती एक अक्षर बोलली नाही, आणि मावशी गप्प बसली की घरात कुणाचं तरी बिंग फुटतं.

४

कोठडीत मावशीने कारागिरासमोर बसकण मारली. मला गजांच्या बाहेर उभं केलं.

"भांडण कशावरून झालं?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलं मागे गेलो, तेव्हा कुठे तो बोलला.

"संध्याकाळी पाचला अंगठी द्यायची होती. बसवायच्या आधी सासरे प्रत्येक दगड शेवटचा पाहायचे. हा त्यांनी खिडकीशी पाहिला आणि ठीक आहे म्हणाले. मग टेबलावरच्या दिव्याखाली पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला. आणि पाहतच राहिले. परत खिडकीशी गेले, परत दिव्याखाली आले. मग म्हणाले, हा बसवायचा नाही."

"कारण?"

"सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, हा दगड खिडकीत एक बोलतो आणि दिव्याखाली दुसरंच. मग मला विचारलं, दगडाची पुडी तुझ्याकडे कधीपासून आहे? मी म्हटलं, आज सकाळी मालकांनी तिजोरीतून काढून दिली. ते माझ्याकडे बघत राहिले." त्याने पाठ भिंतीला टेकली. "बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं मी. त्यांची मुलगी माझ्या घरात आहे. आणि त्यांनी चोराकडे बघावं तसं बघितलं. माझं टाळकं फिरलं. बोललो नको ते."

"मग?"

"मग घरी जेवायला गेलो. साडेतीनला आलो तर..." त्याने सुजलेला हात तोंडावर धरला. "अजून गरम होते ते."

घरी जेवत होता याला साक्षीदार त्याची बायको. बायकोची साक्ष मी धरलीच नव्हती. आरोपीची बायको खरं कशाला बोलेल? ती मेलेल्याची मुलगीही आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मावशीने पिशवीतून एक लहानसा जांभळा दिवा काढला. नोटा खऱ्या की खोट्या पाहायला दुकानदार ठेवतात तसला. ठाण्यातला बल्ब मालवायला लावला आणि तिने तो दिवा कारागिराच्या कपाळावरून, केसांतून, भुवयांतून, मानेवरून, दोन्ही हातांवरून सावकाश फिरवला. कालपासून त्याने अंघोळ केली नव्हती.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"जे इथे नाही ते," ती म्हणाली. "चल, मला ती ऐरण दाखव."

५

खोलीला कुलूप होतं, ऐरण जशीच्या तशी. मालक दारात घुटमळत होते. मावशीने खिडकीला जाड कापड लावलं, दार लोटून घेतलं आणि जांभळा दिवा पेटवला.

सुकलेलं रक्त काळंकुट्ट झालं, आणि त्या काळ्यावर चुऱ्याचा कण न् कण निळा उजळला. ओंडक्यावर, जमिनीवर, टेबलाच्या पायापर्यंत निळे ठिपके उडाले होते. मी एकवीस वर्षांत पुष्कळ रक्त पाहिलंय, पण त्यावर असं चांदणं कधी पाहिलं नव्हतं.

"काही हिरे या दिव्याखाली असे उजळतात," मावशी म्हणाली. "सगळे नाही. दिवसाच्या उजेडातही हे किरण असतातच. म्हणून पिवळट दगड खिडकीशी पांढरा दिसतो, कारण आतली निळाई पिवळेपणा झाकते. चांगल्या दिव्यात हे किरण नसतात, तिथे तो झाकला जात नाही. हेच म्हाताऱ्याला दिसलं. आता कंत्राटदाराच्या दगडाचं प्रमाणपत्र वाच. शेवटची ओळ."

तिने कंत्राटदाराकडून आणलेलं प्रमाणपत्र पारख्याच्याच हातचं होतं. वजन, पैलू, शुद्धता, रंग जी. अगदी खाली बारीक अक्षरात: अतिनील किरणांत चमक, नाही.

"ही ओळ कुणी वाचत नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाईक तर नाहीच, आणि विकणारेही विसरतात. त्यांना वाटतं दगडाचा भुगा केला की रंग गेला, पैलू गेले, सगळे पुरावे संपले. पण ही चमक भुग्यातही राहते. हा चुरा कंत्राटदाराच्या हिऱ्याचा नाहीच."

मी मांडीवर थाप मारली. "बघ! दगड बदलला होता! आणि पुडी कुणाच्या हातात होती? जावयाच्या! सासऱ्याने पकडलं, याने डोकं फोडलं. तूच माझा खटला पक्का केलास, मावशी."

दाराबाहेर मालकांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"दिवा लाव," मावशी म्हणाली. "आणि मालकांनाही आत घे. त्यांच्यासमोरच सांगते."

६

मालक आत आले. ऐरणीकडे न बघता भिंतीला टेकले.

"आधी रक्त, मग चुरा," मावशीने बोलायला सुरुवात केली. "चुरा रक्ताच्या वर आहे. माणूस मारायला चार घाव पुरले. दगडाची अशी पूड करायला पन्नास घातले. प्रेत पायाशी पडलेलं असताना हा माणूस शांतपणे कुटत उभा राहिला. इतकी निकड कशाची? दगड खिशात घालून चोरी झाली म्हणता आलं असतं. पण चोरी झाली असती तर, बाळा, तू शोधला असतास. बाजारात प्रमाणपत्राचं वर्णन फिरवलं असतंस. आणि त्या वर्णनाचा खरा दगड सापडला असता, कारण तो कुणीतरी आधीच दुसरीकडे विकलाय. मेलेला दगड कुणी शोधत नाही. म्हणून तो मेला पाहिजे होता."

"मग जावयालाही तेच लागू होतं," मी म्हणालो.

"नाही. जावयाला कुटायची गरजच नव्हती. पिवळ्या सोन्यात दगड बसला की त्याचा पिवळेपणा सोन्याच्या नावावर खपतो. जडवलेल्या दगडाचा रंग मीसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही. कारागिराने बदलला असता तर म्हाताऱ्याला मारून अर्ध्या तासात अंगठी तयार करून ठेवली असती आणि जडवलेल्या दगडाकडे कुणी पुन्हा पाहिलंही नसतं. ज्याला जडवता येतं त्याच्या हातात लपवायची जागा असते. फोडावं लागतं ते ज्याला जडवता येत नाही त्याला."

मालक हसले. "बाई, कंत्राटदारालाही जडवता येत नाही."

"त्याचा स्वतःचाच दगड होता, तो कशाला लपवेल? आणि प्लॅटिनमची मागणी मोडून पदरचं पिवळं सोनं घालायला तो निघाला नव्हता." ती मालकांच्या जवळ गेली. "तुम्हाला ठाऊक होतं की पांढऱ्या धातूत तो पिवळट दगड चुगली करेल. तिजोरी तुमची, पुडी तुमची, दुसरी किल्ली तुमची. म्हाताऱ्याने दुपारी तुम्हालाच बोलावलं, कारण पुडी कुठून आली ते त्याने आधी विचारून घेतलं होतं. तुम्हाला वाटलं, हातोडी जावयाची, भांडण जावयाचं, आयतंच आहे."

"सगळ्या हवेतल्या गप्पा."

"हवेत कशाला? हिरा फुटताना कण उडतात. जावयाच्या केसांत, भुवयांत एकही नव्हता. कारागीर चष्म्याशिवाय ऐरणीवर घाव घालत नाही. पट्टी काढा."

मालकांचा हात गालाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग तो टेबलाकडे वळला. अंगठ्या गोल करायची लोखंडी सळई तिथे पडली होती, हातभर लांब. ती त्यांनी उचलली आणि मावशीच्या डोक्यावर घातली.

ती बाजूला झाली म्हणून वाचली. सळई खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मालकांवर उडी घेतली. आम्ही दोघं ओंडक्यावर आदळलो. त्यांनी माझ्या मनगटाचा चावा घेतला, सळई दुसऱ्यांदा उगारली. मी त्यांचं तोंड जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा. त्यांचे दात फरशीवर पडले. तिसऱ्यांदा आपटायला केस धरले तेव्हा मावशी ओरडली.

"पुरे! आता तो पुरावा आहे. पुरावा फोडायचा नसतो."

माझा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच मधेच थांबला असेल.

तिने धड हाताने दिवा मालवला आणि जांभळा दिवा मला दिला. मी पट्टी उपटली. डोळ्याखालच्या चिघळलेल्या जखमेत, मांसात रुतलेला, खसखशीएवढा एक कण निळा चमकत होता.

मालकांनी डोळे मिटून घेतले. "तो म्हणाला, गिऱ्हाइकाला सांगणार," ते फुटलेल्या तोंडाने पुटपुटले. "पाच वाजता सांगणार म्हणाला. मी त्याच्या पाया पडलो. पायाशीच हातोडी होती."

७

डॉक्टरांनी कण काढून बाटलीत घातला. खरा हिरा शेजारच्या शहरातल्या एका पेढीत सापडला. त्याच्या कडेवर कोरलेला बारीक आकडा प्रमाणपत्राशी जुळला. कंत्राटदार तो घेऊन गेला आणि अंगठी पांढरीच करणार म्हणाला.

कारागिराला मी स्वतः कोठडीतून बाहेर काढलं. डॉक्टरांनी त्याच्या हाताला लाकडी पट्ट्या बांधल्या होत्या. अंगठ्याशेजारची दोन बोटं पुन्हा वाकणार नाहीत, असं त्यांनी त्याच्यासमोरच मला सांगितलं. नख्या बसवायला नेमकी तीच दोन बोटं लागतात, हे मला मावशीने सांगितलं.

त्याने हाताबद्दल एक शब्द काढला नाही. खांदा बांधून बसलेल्या मावशीला त्याने विचारलं, "सासरे मला चोर समजूनच गेले का?"

"नाही रे," मावशी म्हणाली. "तुझ्यावर संशय असता तर त्यांनी तुला थांबवून घेतलं असतं. त्यांनी तुला जेवायला जाऊ दिलं आणि ज्याच्यावर संशय होता त्याला बोलावलं. तुला या भानगडीतून बाहेर ठेवायला ते एकटे थांबले."

तेव्हा तो रडला. त्याची बायकोही तेव्हाच रडली, तीन दिवसांत पहिल्यांदा. बाकावर दोघं एकमेकांना धरून बसली, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

"माफ कर," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. "कशी करू, साहेब? मला दुसरं काम येत नाही."

मावशी माझ्याकडे बघत होती, भिंगातून बघावं तसं. मी टेबलाशी गेलो. नवा कागद घेतला. कोठडीत मारहाण, उजव्या हाताची दोन बोटं कायमची निकामी, असं वरती लिहिलं. फिर्यादी म्हणून त्याचं नाव घातलं. आरोपी म्हणून माझं घातलं, हुद्द्यासकट, आणि खाली सही केली.